आधी टेकू, मग दाब: घडवलेलं पातं मिलिंगला धरताना

माझा भाचा पाती घडवतो आणि मी ती मिल करतो, म्हणजे फिरत्या कटरने कापून मापात आणतो. तो भट्टी-ऐरणीत पुरता बुडालेला. माझी पंचवीस वर्षं टूलरूममध्ये, हाताने चाकं फिरवायच्या मिलिंग मशीनसमोर गेली. त्याच्या हातातलं लोखंड दर ठोक्याला आकार बदलतं. माझ्या टेबलावरचा जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, काम संपेपर्यंत केसभरही हलता कामा नये. पातं त्याच्याकडून माझ्याकडे येतं तेव्हा आमच्या या दोन सवयींची गाठ पडते आणि सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: हे धरायचं कसं?

तयार सपाट पट्टीतून सुरी कापणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. पट्टीच्या दोन बाजू समांतर असतात. व्हाइसच्या दोन जबड्यांत ठेवली, खाली पॅरलल म्हणजे समांतर ठोकळे सरकवले, आवळलं, कट घेतला. घडवलेल्या पात्यात समांतर असं काहीच नसतं. आत्ता माझ्यासमोर जे पडलंय तेच सांगतो. लांबी २४० मिमी. मुठीच्या बाजूला जाडी ६.५ मिमी, ती कमी होत टोकाशी ३ मिमी. पाठीकडून धारेकडे वेगळा उतार. हातोड्याचे ठसे, काही ठिकाणी चार-पाच दशांश मिलिमीटर खोल. सगळीकडे तापवताना चढलेली काळी खपली. आणि पूर्ण लांबीत थोडासा पीळ, जो नुसत्या डोळ्याला दिसत नाही, पण सरफेस प्लेटवर, म्हणजे तपासणीच्या अचूक सपाट पाटावर, ठेवून एका कोपऱ्यावर बोट टेकवलं की 'टक' वाजून स्वतःची हजेरी लावतो.

मग मिलिंगला न्यायचंच कशाला? पात्याचा उतार मी मिलवर करत नाही, ते काम ग्राइंडरच्या पट्ट्याचं आणि तिथेच ते छान होतं. पण रिकासो, म्हणजे गार्डला (मूठ आणि पात्यामधल्या आडव्या पट्टीला) लागून असलेला बिनधारेचा जाड भाग, त्याच्या दोन्ही बाजू खरोखर समांतर हव्यात. गार्ड ज्यांच्यावर टेकतो ते दोन खांदे एका रेषेत हवेत. मुठीत शिरणारी शेपूट गार्डच्या खाचेतून सरकली पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. आणि पात्यावर लांब खोबण काढायची असेल तर ती दोन्ही बाजूंना बरोबर समोरासमोर यायला हवी. फाइल आणि धीर असेल तर हे सगळं हातानेही होतं, लोक करत आलेत. मिलवर ते लवकर आणि मापात होतं, जॉब नीट धरलेला असेल तर.

आमचं पहिलं पातं मी बिघडवलं. तेव्हा भाचा जेमतेम काही महिने घडवत होता, त्या एका पात्यावर त्याचे कितीतरी रविवार गेले होते. त्याने ते कापडात गुंडाळून आणलं होतं. मला खांदे काढायचे होते. मी रिकासो मशीनच्या व्हाइसमध्ये धरला, पातं एका बाजूला दीडशे मिलिमीटर मोकळं लोंबत होतं, शेपूट दुसऱ्या बाजूला. हँडलला दोन चापट्या मारल्या, जॉब हाताने हलवून पाहिला, हलला नाही. दहा मिमीची एंडमिल, म्हणजे दांडीसारखा कटर, आणि बेताचा कट. पहिला पास गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला आवाज बदलला आणि मी हात मागे घेईपर्यंत पातं जबड्यात फिरलं होतं. कटर तुटला. रिकासोवर तिरका, दोन मिलिमीटर खोल घाव पडला. भाचा शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही, पातं उचललं, परत कापडात गुंडाळलं. तो घाव मला अजून दिसतो.

का फिरलं, याचा विचार मी पुढचे कित्येक दिवस करत होतो. पाचर जबड्यात आवळली की ती चिंचोक्यासारखी सटकते, असं आपण पटकन म्हणतो. पण हिशेब तसा सोपा नाही. पात्याची पाठ ५ मिमी आणि ४० मिमी उंचीत ते शून्यावर येतं असं धरलं तर पाचरीचा कोन जेमतेम सात अंश होतो. कोरड्या पोलादावर पोलाद असेल तर घर्षण एवढी पाचर सहज अडवून धरतं. म्हणजे नुसत्या दाबाने ती बाहेर उडायला नको. खरा दोष वेगळा आहे. जबडे समांतर आहेत आणि जॉब निमुळता आहे, म्हणून जबडा पूर्ण टेकतच नाही. तो सगळ्यात जाड रेषेवर टेकतो आणि बाकी भागाशी त्याचा संबंधच येत नाही. रिकासोही लांबीत निमुळता होता, त्यामुळे माझी सगळी पकड एका कडेवर होती. त्या कडेभोवती पातं बिजागरीसारखं फिरायला मोकळं. कापताना येणारे धक्के, मध्ये तेल, खपलीचे सुटणारे कण, आणि दीडशे मिलिमीटरचा लोंबता भाग हादऱ्यांनी स्वतःच दांडा बनलेला. हँडलवर कितीही जोर लावला असता तरी ती बिजागरी बिजागरीच राहिली असती.

व्हाइसच वापरायचा असेल तर एक जुनी युक्ती थोडं काम करते. जॉबची जी बाजू त्यातल्या त्यात सपाट आहे ती स्थिर जबड्याकडे, आणि सरकता जबडा व जॉब यांच्या मध्ये गोल सळईचा तुकडा आडवा. सळई एका रेषेवर दाबते, त्यामुळे सरकत्या जबड्याचा तिरपेपणा जॉबला लागत नाही आणि जॉब स्थिर जबड्यावर पूर्ण बसतो. पण त्यासाठी एक बाजू आधीच सपाट हवी. घडवलेल्या पात्याला पहिली सपाट बाजू मिळेपर्यंत हा उपाय मुका आहे. दोन्हीकडे तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं मऊ पॅकिंग घातलं तर ते थोडं दबून उंचसखल भाग झाकतं, पकड बरीच सुधारते. शेपटीत भोक पाडण्याएवढं हलकं काम मी तसं करतो. कटरचा बाजूचा जोर येणार असेल तर नाही.

दुसरी चूक मी टेबलावर केली, आणि ती जास्त फसवी होती कारण त्यात काही तुटलं नाही, आवाजही झाला नाही. पातं सपाट प्लेटवर ठेवलं, दोन टोकांना क्लॅम्प लावले, भक्कम आवळले. रिकासोची आणि शेपटीची वरची बाजू छान फेस झाली, म्हणजे कापून सपाट झाली, डायल (केसभर हालचालही सुईने दाखवणारं मापयंत्र) फिरवून पाहिलं तर सुई जागची हलेना. मी खूश. मग क्लॅम्प सोडले, आणि पातं मूळच्या बाकावर परत गेलं. मी ते दाबून सरळ केलं होतं, सरळ असताना कापलं होतं, आणि सुटल्यावर माझी सपाट बाजू त्याच्याबरोबर वाकली. सरफेस प्लेटवर मोजलं तेव्हा मधोमध सहा दशांशाची पोकळी. खरं तर टूलरूममधल्या कुणालाही हे माहीत असतं. पातळ जॉब दाबून सरळ करायचा नाही, हे मी स्वतः किती शिकाऊ मुलांना सांगितलं असेल. पण घडवलेलं पातं मनगटाएवढं दणकट वाटतं, ते दोन बोटांच्या क्लॅम्पखाली वाकेल असं डोळे मानतच नाहीत.

तिथून मी क्लॅम्पचा विचार करायचं सोडलं आणि खालून सुरुवात केली. पातं दाबायच्या आधी ते त्याच्या स्वतःच्या वाकड्या आकारात निवांत टेकलं पाहिजे.

तीन पायांचं स्टूल कसल्याही जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांचं डुगडुगतं. यात गंमत काही नाही, तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं आणि चौथा बिंदू त्यात बसेलच असं नाही. म्हणून मी २० मिमी जाडीची एक पोलादी प्लेट केली, साधारण ३५० बाय १००, तिच्यात दर २५ मिमीवर एम-६ आट्यांची भोकं. या भोकांत वरून अर्धगोल डोक्याचे बोल्ट येतात, प्रत्येकाला खाली तो जागी पक्का करणारा एक चेक-नट. असे तीन बोल्ट म्हणजे तीन टेकू: दोन रिकासोच्या खाली, रुंदीत शक्य तितके लांब, आणि एक टोकाजवळ. पातं त्यांच्यावर ठेवलं की ते जसं आहे तसं बसतं. डुगडुगायचा प्रश्नच नाही.

मग पातळी लावायची. इथे सुरुवातीला मी पात्याची वरची बाजू टेबलाला समांतर करत असे, आणि ते चूक होतं. वरची बाजू ही हातोड्याची करणी, तिच्यावर कसा भरवसा ठेवणार? समांतर करायचं ते पात्याच्या आतलं मधलं प्रतल. भाच्याला मी हल्ली सांगून ठेवलंय, पातं देण्याआधी पाठीवर आणि धारेच्या कडेवर मध्यरेषा आखून दे. तो ती डोळ्याने आणि कॅलिपरने काढतो, आणि तीच बरोबर असते, कारण पुढे ग्राइंडिंगला तीच रेषा तो धरून चालणार असतो. मी उंची मोजायच्या हाइट गेजचं टोक त्या रेषेवर फिरवतो आणि तीन बोल्ट वर-खाली करून रेषा टेबलाला समांतर आणतो. टोक, रिकासो, शेपूट, तिन्ही ठिकाणी दोन्ही बाजूंना कापायला पुरेसं मटेरियल शिल्लक आहे ना, ते याच वेळी कळतं. कधी कधी कळतं की नाहीये. मग पातं परत भट्टीत जातं, आणि ते आत्ता कळलेलंच बरं.

तीन टेकू पातं स्थिर करतात, पण कापताना ते पुरत नाहीत. कटर जिथे दाबणार तिथे खाली हवा असेल तर पातं तिथे लवतं आणि किर्र आवाज सुरू होतो. म्हणून तीन टेकू पक्के झाल्यावर मी आणखी दोन-तीन बोल्ट वर आणतो, पण ते पात्याला नुसते शिवायचे, उचलायचे नाहीत. शिवलं कधी हे बोटाला कळत नाही, डायलला कळतं. पात्यावर बरोबर त्या जागी डायलचं टोक ठेवायचं आणि खालचा बोल्ट हळूहळू वर आणायचा. सुई थरथरली की थांबायचं, अगदी थोडं मागे घ्यायचं, चेक-नट आवळायचा. मग पातळ कागदाची पट्टी प्रत्येक टेकूजवळ सरकवून पाहायची: तीन मुख्य टेकूंवरून ती निघता कामा नये, बाकीच्यांवरून घासत निघाली तर चालेल.

आता क्लॅम्प. प्रत्येक क्लॅम्पचं नाक बरोबर टेकूच्या डोक्यावर. एका बोटाने इकडे नाही, तिकडे नाही. दोन टेकूंच्या मधल्या पोकळीवर दाब दिला की पातं वाकलंच. प्रत्येक क्लॅम्प आवळताना डायलचं टोक त्याच्या नाकाशेजारी ठेवतो आणि सुईकडे बघत नट फिरवतो. माझी मर्यादा दोन शतांश, म्हणजे ०.०२ मिमी. सुई त्याहून जास्त हलली तर नट सोडायचा आणि खाली काय पोकळ राहिलंय ते शोधायचं. हा सगळा खेळ पहिल्यांदा मला तासभर पुरला होता, आता वीस मिनिटं लागतात. माझ्या मते या कामातली ही वीस मिनिटंच खरी, बाकी मशीन करतं.

क्लॅम्पची मांडणीही बघावी लागते. बोल्ट जॉबच्या जितका जवळ तितका दाब जॉबवर, जितका लांब तितका मागच्या ठोकळ्यावर. ८० मिमीच्या क्लॅम्पमध्ये बोल्ट नाकापासून ३० मिमीवर असेल तर बोल्टच्या ताणातला बासष्ट टक्के जॉबवर उतरतो. ५० मिमीवर गेला की सदतीस टक्केच. एवढं सरळ गणित असूनही, बोल्ट मागे आणि ठोकळा जवळ अशी मांडणी मी अनुभवी हातांनी केलेली पाहिली आहे. मागचा ठोकळा जॉबपेक्षा किंचित उंच ठेवायचा, म्हणजे क्लॅम्प नाकावर झुकतो. उलट झालं तर क्लॅम्पची टाच खाली जाते, नाक वर उठतं आणि जॉबची फक्त कड चावली जाते.

आणि कापण्याचा जोर क्लॅम्पने सोसायचा नाही, ठोकरीने सोसायचा. कटर पात्याला ज्या दिशेने ढकलतो तिकडे प्लेटवर एक पक्की ठोकर हवी, शेपटीच्या शेवटाला एक आणि पाठीला दोन. क्लॅम्पचं काम पातं खाली ठेवणं, ठोकरीचं काम ते सरकू न देणं. ही विभागणी केल्यापासून मी नट निम्म्या जोराने आवळतो आणि काम आधीपेक्षा घट्ट असतं.

एवढं सगळं करूनही एक अडचण राहिलीच: क्लॅम्प बसवले की कापायला जागा उरत नाही. रिकासो फेस करायचा तर रिकासोवर क्लॅम्प ठेवता येत नाही. शेपटीवर ठेवला तर शेपूट कापता येत नाही. पातं इतकं लहान, आणि त्यावर माझे हे सगळे हात. एका संध्याकाळी मी वैतागून भाच्याला म्हटलं, "तुझ्या पात्याला धरायला कानच नाहीत रे."

तो म्हणाला, "मामा, कान हवेत तर ठेवतो ना. आधी का नाही सांगितलंत?"

मला खरंच सुचलं नव्हतं. मी जॉब जसा हातात येईल तसा धरायला शिकलो होतो. जॉब अजून लाल असताना, आकार घेत असताना, धरायची सोय त्यातच ठेवता येते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्यासाठी ते चार-पाच ठोक्यांचं काम. आता तो टोक पूर्ण ओढून काढत नाही. टोकाच्या पुढे २० मिमी लांब, १५ मिमी रुंद, ५ मिमी जाड असा चौकोनी तुकडा सोडतो. शेपटीच्या मागे ३० मिमी जादा. या दोन कानांत मी प्रत्येकी एक ६ मिमीचं भोक रीम करतो, म्हणजे नेमक्या मापाचं करतो, त्यातून डॉवेल पिन ही मापात बसणारी खुंटी प्लेटमध्ये जाते, शेजारून बोल्ट. सगळे क्लॅम्प कानांवर, पात्याचा अख्खा भाग उघडा. आणि सगळ्यात मोठा फायदा असा की पातं उलटं केलं तरी त्याच दोन पिनांवर बसतं, म्हणून दोन्ही बाजूंच्या खोबणी आणि खांदे आपोआप समोरासमोर येतात. मिलिंग संपलं की कान करवतीने कापायचे आणि टोक ग्राइंडरच्या पट्ट्यावर घासून आकारात आणायचं. हे पाणी देण्याच्या, म्हणजे तापवून विझवत पोलाद कडक करण्याच्या, आधीच करायचं, नाहीतर तेलात विझवताना जाड कान एका वेगाने थंड होतो आणि शेजारचं पातळ टोक दुसऱ्या वेगाने, मग पीळ आलाच.

भाच्याकडून मी आणखी दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, पातं मऊ करून द्यायचं. आम्ही बहुतेक ५१६० नावाचं पोलाद वापरतो, साधारण ०.६ टक्के कार्बन आणि थोडं क्रोमियम. घडवल्यावर उघड्या हवेत ठेवलं तरी पातळ टोक बऱ्यापैकी कडक होतं, आणि मऊ रिकासोवर चालणारा कटर तिथे पोचला की ओरडतो. तो आता शेवटी तीन वेळा नॉर्मलाइज करतो, म्हणजे लाल तापवून हवेत निवू देतो, मग ६७५ ते ७०० अंश सेल्सिअसला, सावलीत जेमतेम मंद लाल दिसतं तेवढं, काही वेळ ठेवून सावकाश निववतो. नवी फाइल घासली तर ती चावली पाहिजे, सरकली तर पातं परत भट्टीकडे. यामुळे हातोड्याने आत कोंडलेला ताणही बराच सुटतो, आणि एका बाजूने कापल्यावर पातं दुसरीकडे वाकायचं प्रमाण कमी होतं.

दुसरी, खपली. ती काचेसारखी कडक असते आणि कटरची धार खाते. रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की सकाळी ब्रशने निघते. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, पुसून लगेच तेल. धरण्याशी याचा संबंध कुणाला वाटणार नाही, पण आहे. टेकूवर खपलीचा कण असेल तर तो पहिल्या हादऱ्याला चुरतो, टेकू सैल पडतो आणि तुम्ही डायलने केलेली सगळी मेहनत पाण्यात.

खपली कुठे राहून गेलीच तर पहिला कट भित्रा नको. एक दशांशाचा कट घेतला तर धार खपलीतच घासत राहते. मी सरळ अर्धा मिलिमीटर घेतो, म्हणजे धार खपलीच्या खाली, चांगल्या धातूत चालते. आणि फीड, म्हणजे जॉब पुढे सरकवणं, नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध. हाताच्या मशीनच्या स्क्रूत प्ले, म्हणजे ढिलाई, असतेच, आणि फीड कटरच्या बाजूने दिला की तो टेबलच स्वतःकडे ओढतो. घडवलेल्या पात्यावर ती ओढ म्हणजे माझ्या पहिल्या पात्याची पुनरावृत्ती. वेगाचं म्हणाल तर मऊ केलेल्या पोलादाला एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचा) कटर मिनिटाला वीसेक मीटर. १० मिमीच्या कटरला हे साधारण ६४० फेरे होतात. एंडमिलचा पीळ जॉबला वर ओढतो हेही लक्षात ठेवायचं, म्हणून खोबणीसाठी मी कमी पिळाचा कटर घेतो आणि तो कॉलेटमध्येच, म्हणजे कटरला चहूबाजूंनी आवळणाऱ्या बाहीत, धरतो, ड्रिल चकमध्ये कधीच नाही. तो चक बाजूचा जोर सोसायला बनलेलाच नसतो.

खोबणीला टेकू पुरत नाहीत. लांब खोबण म्हणजे पात्याच्या मध्यातून १५० मिमी प्रवास, खाली दर इंचाला बोल्ट लावला तरी मधला भाग गुणगुणतो. यासाठी मी गादी करतो. गाडीच्या पत्र्याचे पोचे भरायला हार्डनर मिसळून वापरतात ती पुट्टी. पात्याच्या खालच्या बाजूला मेण लावायचं, वर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म, प्लेटवर पुट्टीचा थर, आणि पातं तीन टेकूंवर अलगद ठेवायचं. पुट्टी दाबून पोकळी भरते. पातं पुट्टीवर दाबायचं नाही, ते टेकूंवर स्वतःच्या वजनाने बसलेलं असायला हवं, पुट्टीने फक्त उरलेली जागा भरायची. पूर्ण घट्ट झाल्यावर क्लॅम्प. मग पातं उचललं की खाली त्याचा साचा तयार, हातोड्याच्या एकेका ठशासकट. पुट्टी दाब उत्तम घेते, ताण घेत नाही, त्यामुळे धरायचं काम तरीही कानांचंच. पण आवाज थांबतो. घाईचं, हलकं काम असेल तर पुट्टीऐवजी मुलांची खेळायची न वाळणारी माती पातळ भागाखाली दाबून बसवली तरी थरथर बरीच शोषली जाते.

एकदा बिस्मथ आणि कथलाच्या मिश्रधातूतही पातं ओतून धरलं होतं. ५८ भाग बिस्मथ, ४२ भाग कथील, वितळायला १३८ अंश पुरतात, आणि तो गोठताना आक्रसत नाही म्हणून जॉब घट्ट बसतो. पकड अशी की मी इतकं निश्चिंत कधी कापलं नाही. पण साचा पूर्ण कोरडा हवा, पाण्याचा एक थेंबही वितळलेला धातू अंगावर उडवतो. आणि याहून कमी तापमानाला वितळणाऱ्या जुन्या मिश्रधातूंत शिसं आणि कॅडमियम असतं, ते मी माझ्या वर्कशॉपमध्ये येऊ देत नाही. नेहमीच्या कामाला पुट्टी पुरते.

टेप आणि सुपरग्लूने चिकटवणं किंवा मॅग्नेटिक चक, हे मला पुष्कळ जण सुचवतात. दोन्ही सपाट बाजूवर चांगली. घडवलेल्या बाजूवर दोन्ही फक्त उंचवट्यांना धरतात, चुंबक तर पीळ दाबून सरळ करतं आणि माझ्या दुसऱ्या चुकीकडे नेतं. पहिली बाजू तयार झाल्यावर खुशाल वापरा.

कारण अवघड धरणं एकदाच असतं. पहिली बाजू नीट निघाली की पातं उलटायचं, तयार बाजू समांतर ठोकळ्यांवर, आणि इथून पुढे तो साधा जॉब. म्हणून पहिल्या बाजूला मी घाई करत नाही. दोन-तीन दशांश शिल्लक ठेवून थांबतो, सगळे क्लॅम्प सोडतो, पात्याला श्वास घेऊ देतो. डायल लावून बघतो कुठे सरकलं. टेकू पुन्हा शिवतो, हलकेच आवळतो, आणि एक दशांशाचा शेवटचा कट. याच टप्प्यावर लोक कंटाळतात. मी कंटाळत नाही, कारण तो कापडात गुंडाळलेला तुकडा मला आठवतो.

धारेची कड या वेळी दीड मिलिमीटर तरी जाड ठेवायला मी भाच्याला बजावलेलं असतं. एक तर पाणी देताना ती तडकत नाही, दुसरं म्हणजे माझे हात त्या पात्याभोवती दिवसभर असतात. मशीन फिरत असताना हातमोजे नाहीत, किस काढायला ब्रश, बोट नाही, आणि मी कधीही कटरच्या समोरच्या रेषेत उभा राहत नाही. भाचाही आता मशीनच्या बाजूला उभा राहतो, मागे.

समोरच्या पात्याची एक बाजू आज दुपारी झाली. शेवटचे क्लॅम्प सोडताना डायल लावूनच ठेवला होता. पहिला नट सुटला, सुई अर्धा शतांश हलली. दुसरा सुटला, जागची हलली नाही. भाच्याने वाकून बघितलं आणि विचारलं, "मामा, कान कापू?"

"अजून नाही," मी म्हटलं. "दुसरी बाजू राहिलीय."